बोट दाखवल्यानं भोपळा कुजत नाही

कोवळ्या भोपळ्याकडे बोट दाखवायचं नाही, दाखवायचंच तर बोट वाकवून दाखवायचं, नाहीतर फळ कुजून गळतं. कोकणात वाढलेल्या प्रत्येकानं हे ऐकलेलं असतं. समजूत जुनी आहे. तुलसीदासांच्या ‘रामचरितमानसा’त लक्ष्मण-परशुराम वादातही तिचा दाखला येतो.

फळ गळतं, हे मात्र खरं. राजापूर तालुक्यातल्या नाटे गावासारख्या किनाऱ्यावरच्या गावात मृगावर टोकलेल्या वेलाला फुलं लागतात, तेव्हा पाऊस धो-धो कोसळत असतो. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. तेवढ्या वेळात मधमाशी आली नाही, तर मादीफुलाखालचं इवलं फळ पिवळं पडून झडतं. दुसरी गुन्हेगार फळमाशी. ती कोवळ्या सालीला टोचून आत अंडी घालते, अळ्या गर खातात, फळ सडतं. आपण बोट दाखवतो ते नेमकं याच दिवसांत, म्हणून आळ बोटावर येतो.

उपाय सोपा आहे. सकाळी लवकर नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि आतला पिवळा दांडा मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवावा. फळमाशीसाठी क्यू-ल्यूर या आमिषाचा सापळा टांगावा (आंब्याच्या बागेतलं मिथाइल युजेनॉल या माशीला चालत नाही) आणि किडकं फळ परसात टाकून न देता खोल पुरावं.

‘फुलं खूप, फळ एक नाही, वेल वांझ आहे,’ असं म्हणून पुष्कळ जण चांगला वेल उपटतात. मला याचं फार वाईट वाटतं. भोपळ्याला नर आणि मादी फुलं वेगळी येतात आणि सुरुवातीची बहुतेक नरच असतात. देठाशी चिमुकला भोपळा घेऊन येतं ते मादीफूल. ते थोडं उशिरा येतं. तोवर चार नरफुलं मागे ठेवून बाकीच्यांची खुशाल भजी करावीत.

शेजारी दुधी किंवा काकडी लावली म्हणून भोपळा कडू होतो, हेही खरं नाही. या वेलांचा आपसात संकर होत नाही. शिवाय बाहेरच्या परागाचा परिणाम बियांवर होतो, यंदाच्या गरावर नाही. कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्याचा असतो. भोपळा असो की दुधी, कच्चा तुकडा जिभेला कडू लागला तर अख्खं फळ टाकून द्यावं. शिजवून किंवा गूळ घालून ते विष जात नाही.

जांभ्याच्या जमिनीत भोपळा येत नाही असं म्हणतात. येतो, पण पाणी तुंबलं तर मुळं कुजतात. म्हणून पावसाळ्यात खड्ड्याऐवजी शेणखत घातलेल्या उंचवट्यावर बी टोकावं, आळं उन्हाळ्यासाठी ठेवावं.

लाल भोपळा आपला मूळचा, असंही अनेकांना वाटतं. कोहळा आशियातला खरा, पण लाल भोपळा अमेरिका खंडातून आला. तरीही ऋषिपंचमीच्या भाजीत त्याची फोड हवीच, इतका तो आपला झाला!

आता स्वयंपाकघर. ‘गोड आहे, मधुमेह्यांना वर्ज्य’ हे सरसकट बरोबर नाही. भोपळ्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, शंभर ग्रॅमला जेमतेम 26 कॅलरी. मेथीदाण्याच्या फोडणीची, बेताच्या वाढीची भाजी वेगळी आणि गुळाचे तळलेले घारगे वेगळे. भाजीत पाणी घालू नये. झाकण ठेवलं की भोपळा स्वतःच्याच पाण्यात शिजतो. घारग्यांचंही तेच: कीस आणि गूळ एकत्र शिजवून गार करावं, त्यात मावेल तेवढंच तांदळाचं आणि कणकेचं पीठ घालावं. वरून पाणी पडलं की घारगा तेल पितो. तेलाची फोडणी आणि ओलं खोबरं चवीपुरतं नसतं. भोपळ्यातलं बीटा-कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतोच.

अख्खा भोपळा फ्रिजमध्ये जास्त टिकतो, हा शहरातला गैरसमज. थंडीनं तो उलट बिघडतो. नख रुतेनासं झालं, देठ लाकडासारखा झाला की चार बोटं देठ ठेवून कापावा आणि कोरड्या, हवेशीर माळ्यावर ठेवावा. काही महिने राहतो.

बियाणं घरचं हवं असेल, तर संकरित वाणाचं धरू नये, पुढची पिढी तशी निघत नाही. आसपास दुसऱ्या जातीचा लाल भोपळा असेल, तर उद्या उमलणारी एक नर आणि एक मादी कळी संध्याकाळीच दोऱ्यानं बांधावी, सकाळी हातानं पराग लावून मादीफूल पुन्हा बांधावं आणि देठाला रंगीत चिंधी बांधून ठेवावी. मग गणपतीला घर पाहुण्यांनी भरलं, तरी चिंधीचा भोपळा तोडायचा नाही.