स्पेन : पठार, पाणी आणि माणसे

युरोपचा नकाशा समोर घ्या. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात तुम्हांला एक मोठे द्वीपकल्प दिसेल. त्याला आयबेरियन द्वीपकल्प म्हणतात. त्याच्या पश्चिम भागात पोर्तुगाल आहे आणि उरलेला बहुतेक भाग स्पेनने व्यापला आहे. उत्तरेला पिरेनीज पर्वत स्पेनला फ्रान्सपासून वेगळे करतो. दक्षिणेला जिब्राल्टरची सामुद्रधुनी आहे. सर्वांत अरुंद जागी ती सुमारे १४ किलोमीटर रुंद आहे. तिच्या पलीकडे आफ्रिका खंड सुरू होतो.

इ. स. ७११ मध्ये अरब आणि बर्बर सैन्य ही सामुद्रधुनी ओलांडून स्पेनमध्ये आले. दक्षिणेतील मुस्लिम राजवट १४९२ पर्यंत टिकली. त्या काळाची आठवण नद्यांच्या नावांतही आहे. कोर्दोबा आणि सेव्हिल या शहरांवरून वाहणाऱ्या नदीचे नाव ग्वादलक्विव्हिर. हे नाव मोठ्याने उच्चारून पाहा. त्यात 'वादी' आणि 'कबीर' हे तुमच्या ओळखीचे शब्द ऐकू येतात का? 'अल्-वादी अल्-कबीर' म्हणजे मोठी नदी.

स्पेनच्या मध्यभागी मेसेता नावाचे उंच पठार आहे. तेथे पाऊस कमी, उन्हाळा कडक आणि हिवाळा बोचरा असतो. उत्तरेच्या गालिसिया, अस्तुरियास या प्रदेशांत मात्र अटलांटिक महासागरावरून येणारे वारे भरपूर पाऊस आणतात. तेथे हिरवी कुरणे आहेत. दक्षिणेच्या आंदालुसियात मैलोन्मैल ऑलिव्हच्या बागा पसरल्या आहेत. आग्नेयेच्या आल्मेरिया भागात तर जमीन वाळवंटासारखी कोरडी आहे.

१९७८ च्या राज्यघटनेनंतर देशात १७ स्वायत्त प्रदेश निर्माण झाले. स्पॅनिश भाषा सर्वत्र चालते. पण कातालान, गालिसियन आणि बास्क या भाषाही आपापल्या प्रदेशांत शाळांतून शिकवल्या जातात.

स्पेन आकाराने महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा आहे. पण त्याची लोकसंख्या केवळ ४.९ कोटींच्या आसपास आहे. हे लोक सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत. बहुतेक मोठी शहरे किनाऱ्याजवळ आहेत. राजधानी माद्रिद मात्र पठाराच्या मध्यावर आहे. सोरिया आणि तेरुएल या प्रांतांत तर दर चौरस किलोमीटरला दहा माणसेही राहत नाहीत.

असे का झाले? १९५० नंतर कारखान्यांत काम मिळवण्यासाठी खेड्यांतील तरुण माद्रिद, बार्सिलोना, बिल्बाओ या शहरांकडे गेले. गावात मुले उरली नाहीत, म्हणून शाळा बंद झाली. शाळा नाही, म्हणून आणखी एक कुटुंब निघून गेले. पुढे बस कमी झाल्या, डॉक्टरही रोज येईनासे झाले. कित्येक गावांत आता फक्त म्हातारी माणसे उरली आहेत. ३१ मार्च २०१९ रोजी अशा गावांतील हजारो लोकांनी माद्रिदमध्ये मोर्चा काढला. "आमच्याही गावात सोयी द्या," अशी त्यांची मागणी होती.

आता पूर्व किनाऱ्यावरील व्हॅलेन्सियाकडे पाहा. येथेही पाऊस बेताचाच पडतो; पण नदीचे पाणी पाटांनी शेतांत आणलेले आहे. पाटाला स्पॅनिशमध्ये 'अथेकिया' म्हणतात. हा शब्द अरबी 'साकिया'वरून आला. 'साकी' हा शब्द त्याच कुळातला आहे. पाण्यावरून भांडणे होतात, तेव्हा शेतकरी पाण्याच्या पंचायतीकडे जातात. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मोठ्या चर्चच्या दारात ही पंचायत बसते. पंच शेतकऱ्यांनीच निवडलेले असतात. सगळे काम तोंडी चालते आणि निकाल तेथल्या तेथे मिळतो. २००९ मध्ये युनेस्कोने या परंपरेचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

पठारावरची गावे ओस पडत आहेत आणि व्हॅलेन्सियाचे शेतकरी आजही दर गुरुवारी एकत्र येत आहेत. एकाच देशातील ही दोन चित्रे आहेत. गाव वसते ते केवळ जमिनीवर नव्हे. पाणी, शाळा आणि रोजगार यांचा वाटा प्रत्येकाला मिळाला, तरच माणसे तेथे राहतात.