तीन सॅडल, सहा तारा

फेंडरच्या जुन्या टेलिकास्टर गिटारवर सहा तारांना टेकायला तीनच सॅडल, दोन तारांत मिळून एक. पण प्रत्येक तारेला लागणारी लांबी वेगळी. एक सुरात बसवली की शेजारीण चढते किंवा उतरते. सगळ्यात जास्त कटकट तिसऱ्या-चौथ्या तारेच्या जोडीची. पूर्वी तिसरी तार गुंडाळीची असे. आजची बहुधा साधी असते आणि तिला चौथीपेक्षा मागे टेकू लागतो. कॉम्पेन्सेटेड सॅडल तिरकं किंवा पायरीदार कापलेलं असतं ते त्यासाठीच. तिसरी अजून गुंडाळीचीच लावत असाल, तर अशा सॅडलचा संच उलट त्रास देईल.

सॅडल पितळेचं की पोलादाचं, हा वाद आवडीचा. स्क्रूचे आटे इंची की मेट्रिक, तारांमधलं अंतर किती, हे मात्र घेण्याआधी मोजाच.

सॅडल बसवल्यावर नव्या तारा चढवा, नेकचा बाक आणि तारांची उंची आधी उरका. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. दर वेळी तार पुन्हा सुरात लावून. जोडीतल्या दोन्ही तारा अगदी काट्यावर येतीलच असं नाही. एक-दोन सेंटचा फरक खुशाल सोडून द्या.