अ‍ॅरेच्या आतला अ‍ॅरे: तुमची प्रत खरंच वेगळी आहे का?

समजा, तुम्ही सर्वेक्षणात ४० जणांना प्रत्येकी ५ प्रश्न विचारलेत आणि उत्तरं जावास्क्रिप्टमध्ये घेतलीत. मग एक द्विमितीय अ‍ॅरे तयार होतो. एक ओळ म्हणजे एक व्यक्ती, ओळीतली एक जागा म्हणजे एक उत्तर. मोजणी शून्यापासून असल्यामुळे बाहेरचा क्रमांक २ आणि आतला ३ दिला, की तिसऱ्या व्यक्तीचं चौथं उत्तर मिळतं.

दिसायला हा एक्सेलसारखा तक्ता वाटतो, पण तसा तो नाही. बाहेरच्या अ‍ॅरेत ४० ओळी नसतात, ४० ओळींचे पत्ते असतात. हे लक्षात न ठेवल्यामुळे मी एकदा चांगलीच फसले.

माझ्या डेटात 'उत्तर दिलं नाही' यासाठी उणे ९९ हा संकेत होता. सरासरी बिघडू नये म्हणून तीन टिंबांच्या स्प्रेडने अ‍ॅरेची प्रत काढली आणि प्रतीत उणे ९९ च्या जागी नल टाकला. नंतर किती उत्तरं आली नाहीत ते मूळ अ‍ॅरेवरून मोजलं, तर शून्य! एरर वगैरे काहीच नाही. झालं होतं असं, की स्प्रेडने फक्त पत्त्यांची यादी उतरवली होती. ओळी त्याच होत्या, त्यामुळे मूळ डेटाही बदलला होता.

फिल वापरतानाही हेच होतं. ४० जागांच्या अ‍ॅरेला ५ शून्यांची एक ओळ फिलने दिली, तर चाळीसही ठिकाणी तीच एक ओळ बसते. एकाचं उत्तर बदला, सगळ्यांचं बदलतं. त्याऐवजी अ‍ॅरे-फ्रॉम वापरा आणि त्याला दर वेळी नवी ओळ बनवणारं फंक्शन द्या.

पीएचपीकडून आलेले विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात. तिथे साध्या असाइनमेंटनेही आतल्या अ‍ॅरेंसकट स्वतंत्र प्रत मिळते.

मग करायचं काय? दोनच मिती असतील आणि आत साधे आकडे असतील, तर मॅप वापरून प्रत्येक ओळीची स्लाइसने प्रत काढा. त्याहून खोल रचना असेल, तर स्ट्रक्चर्डक्लोन वापरा. २०२२ पासून ते सर्व प्रमुख ब्राउझरांत आहे. जेसनमध्ये बदलून परत आणण्याची जुनी युक्ती मात्र टाळा. तिच्यात एनएएन ही किंमत गुपचूप नल होते आणि तारखांचे नुसते मजकूर उरतात.

विश्लेषणाआधी एक छोटी तपासणी करा: प्रतीची पहिली ओळ आणि मूळ पहिली ओळ तीन बरोबर चिन्हांनी ताडून पाहा. उत्तर 'ट्रू' आलं, तर ती प्रत नव्हेच. तिथेच थांबा, कारण पुढचा प्रत्येक बदल तुमच्या मूळ डेटात होणार आहे.