हॅमंड ऑर्गनच्या पट्ट्यांची निगा : तेल कुठे घालावे, कुठे घालू नये

संगीत नाटकाला साथ करणाऱ्या पायपेटीत हवेने पाती कंप पावतात; लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ मध्ये बाजारात आणलेल्या विजेच्या ऑर्गनमध्ये मात्र ९१ दातेरी चकत्या चुंबकांसमोर फिरून स्वर निर्माण करतात आणि पट्टी केवळ विद्युत्‌जोडणीचे काम करते. १९७४ पर्यंत तयार होत असलेल्या ‘बी-३’ या नमुन्यात प्रत्येक पट्टीखाली नऊ बारीक तारा असून पट्टी दाबताच त्या नऊ आडव्या धातुदांड्यांना टेकतात. या सांध्यावर धूळ बसली की स्वर खरखरतो किंवा त्यातील एखादा उपस्वर नाहीसा होतो. अशा वेळी ती पट्टी झपाझप अनेकदा दाबावी, म्हणजे घर्षणाने सांधा बहुधा आपोआप साफ होतो. तेवढ्याने भागले नाही, तर दांड्या किंचित सरकवण्यासाठी दिलेला स्क्रू अगदी थोडा फिरवावा, जेणेकरून तारा दांडीच्या स्वच्छ भागावर टेकतील. या सांध्यांना तेल लावणे हा उपाय नव्हे, उपद्रव होय, कारण तेलावर धूळ चिकटून राहते.

तेलाची खरी गरज चकत्यांच्या यंत्रणेला असते. तिच्या माथ्यावरील नरसाळ्यांत ओतलेले तेल सुती धाग्यांतून, दिव्याच्या वातीत चढावे तसे, झिरपत बेअरिंगपर्यंत पोहोचते. त्यासाठी हॅमंडचे खास पातळ तेल वर्षातून एकदा, तेही बेताने घालावे. गंज सोडवणारे फवारे किंवा स्वयंपाकाचे तेल वापरल्यास कालांतराने चिकटा धरतो. झाकण उघडण्यापूर्वी प्लग काढणे अर्थातच अनिवार्य आहे.