पन्नास पिंजऱ्यांचे गणित

2025च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांबाबत अकरा दिवसांच्या अंतराने दोन आदेश दिले. दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री उचलून निवारा केंद्रांत ठेवा, पुन्हा रस्त्यावर सोडू नका, असे 11 तारखेचा आदेश सांगत होता. 22 तारखेला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे जिथून उचलले तिथेच सोडावे, रेबीज झालेले, तसा संशय असलेले आणि आक्रमक कुत्रे मात्र सोडू नये, असे ठरले आणि विषयाची व्याप्ती सगळ्या राज्यांपर्यंत गेली. पुढे 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडा संकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातून उचललेली कुत्री तिथे परत सोडायची नाहीत, असाही आदेश झाला. प्रत्येक वेळी प्राणिप्रेमी एकीकडे आणि त्रासलेले नागरिक दुसरीकडे असा सामना रंगला. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांच्या सभांमध्येही हा विषय निघाला की बहुतेकदा याच दोन बाजू पडतात. या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडतो: गावाने पैसे खर्चून निवारा केंद्र उभारले, तर तिथे रोज नेमके काम काय चालायला हवे? या प्रश्नाचे उत्तर नीट दिले, तर निम्मे भांडण मिटण्यासारखे आहे.

तक्रार खोटी नाही, हे आधी मान्य करायला हवे. 2019च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे 1.53 कोटी भटकी कुत्री होती, महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास. 2024मध्ये देशभरात कुत्रा चावल्याच्या 37 लाखांहून अधिक घटनांची सरकारदरबारी नोंद झाली. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. शिवाय हा धोका सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. पहाटे दूध आणि पेपर टाकणारी मुले, रात्रपाळीहून चालत परतणारे कामगार, कचरा वेचणाऱ्या बायका यांना तो जास्त. मोटारीतून फिरणाऱ्याला कमी. त्यामुळे ‘कुत्री उचला’ म्हणणाऱ्याला निर्दय ठरवून विषय झटकता येणार नाही. प्रश्न आहे तो उचललेल्या कुत्र्याचे पुढे काय करायचे, हा.

समजा, एका मध्यम शहरात पाच हजार भटकी कुत्री आहेत आणि नगरपरिषदेने पन्नास पिंजऱ्यांचे केंद्र बांधले. कुत्री तिथे कायमची ठेवायची ठरवली, तर पन्नास कुत्र्यांत केंद्र भरते. एक्कावन्नाव्या कुत्र्याला जागा नसते, पण आत असलेल्यांचे रोजचे खाणे, औषधपाणी आणि साफसफाई वर्षानुवर्षे चालू राहते. बाहेर उरलेल्या चार हजार नऊशे पन्नास कुत्र्यांमध्ये माद्या साधारण वर्षातून दोनदा माजावर येतात आणि गर्भकाळ जेमतेम दोन महिन्यांचा असतो. म्हणजे पिंजरे भरले, तेवढी संख्या एकाच हंगामात भरून निघते. आता तेच पन्नास पिंजरे शस्त्रक्रियेसाठी वापरा. एक कुत्रे सरासरी सहा दिवस राहिले, तर एका पिंजऱ्यातून वर्षाला साठ आणि पन्नासातून तीन हजार कुत्री नसबंदी व लस घेऊन बाहेर पडतात. सुट्ट्या, आजारी जनावरे आणि पावसाळ्यातले अडथळे वजा केले, तरी अडीच हजार होतात. केंद्राची खरी ताकद पिंजऱ्यांच्या संख्येत नसून ते किती लवकर रिकामे होतात यात आहे. कायमचा मुक्काम राखून ठेवायचा तो आक्रमक, अपंग किंवा न्यायालयाने मनाई केलेल्या आवारातून आणलेल्या कुत्र्यांसाठी, आणि त्यांची जागा वेगळी असावी.

हे काम बाहेरून दिसते तितके सोपे नाही. गाडीतून आणलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद जागेसकट व्हावी लागते, नाहीतर परत सोडताना कुठले कुत्रे कुठले हे कळत नाही. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवणे, तपासणी, भूल, शस्त्रक्रिया, रेबीजची लस आणि भुलेतच कानाच्या टोकाला दिलेला छोटा छेद, असा क्रम असतो. या कापलेल्या कानामुळे तेच कुत्रे पुन्हा टेबलावर येत नाही आणि गल्लीतल्या माणसालाही लांबून कळते की याचे काम झालेले आहे. त्यानंतर टाके भरेपर्यंत देखरेख ठेवावी लागते. घाईने दुसऱ्याच दिवशी सोडलेल्या मादीचे टाके उसवले, तर ती मरू शकते आणि लोकांचा कार्यक्रमावरचा विश्वासही उडतो. ठेकेदाराला दर शस्त्रक्रियेमागे पैसे मिळत असल्याने आकडे फुगवण्याचा मोह असतोच. म्हणून काढलेले अवयव जपून ठेवून ते मोजण्याची तरतूद नियमांत आहे. किळसवाणी वाटली, तरी सार्वजनिक पैशाच्या हिशेबाला इतकी खात्रीची पावती दुसरी नाही.

या मार्गाचा परिणाम दिसतो का? जयपूरमध्ये 1994 ते 2002 या काळात एका संस्थेने जवळपास पंचवीस हजार कुत्र्यांवर काम केले. ठरलेल्या भागातल्या सुमारे 65 टक्के माद्यांची नसबंदी व लसीकरण झाले, कुत्र्यांची संख्या 28 टक्क्यांनी घटली आणि त्या भागात माणसांमधला रेबीज शून्यावर आला. गोव्याने लसीकरणावर भर दिला. जाळी घेतलेली पथके वाडीवाडीतून फिरली, प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाइलवर झाली, शाळाशाळांतून मुलांना माहिती दिली गेली आणि 2021मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. मुंबईचे चित्र मात्र संमिश्र आहे. 2014च्या गणनेत तिथे 95,172 भटकी कुत्री होती. दहा वर्षांनंतरचा अंदाज नव्वद हजारांच्या आसपास आहे. काहींना हे अपयश वाटेल. पण शहर आणि त्याचा कचरा वाढत असताना संख्या वाढली नाही, ही गोष्टही खरीच. काम सतत आणि एकेका भागात दाट केले, तर संख्या उतरते. तुकड्यातुकड्याने केले, तर ती जेमतेम थोपते, एवढा बोध यातून घेता येतो.

आक्षेप घेणारे विचारतात, नसबंदी केली म्हणून कुत्र्याचे दात जातात का? जात नाहीत. पण माजाच्या दिवसांतली झुंड आणि पिल्लांच्या रक्षणासाठी अंगावर येणारी मादी, ही चाव्यांची दोन मोठी कारणे कमी होतात आणि लसीमुळे चाव्यातला जीवघेणा भाग टळतो. जे कुत्रे तरीही वारंवार चावते, त्याला परत सोडण्याची सक्ती आता नाही. दुसरा आक्षेप अधिक रोखठोक असतो: मारूनच का टाकत नाही? तेही करून झाले आहे. 1832मध्ये ब्रिटिशांनी मुंबईत कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी समाजाने दंगल केली होती. पुढे महापालिकेनेही 1994पर्यंत मारण्याचाच मार्ग धरला, तरी कुत्री संपली नाहीत. खायला मिळते तोवर रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारची कुत्री येतात आणि ती लस न घेतलेली असू शकतात. तिसरा आक्षेप म्हणजे हा मार्ग फार संथ आहे. हे खरे आहे, आणि म्हणूनच तो मध्येच सोडणे सर्वांत महागात पडते. निविदा संपली, नवी निघायला आठ महिने गेले, एवढ्या खंडात आधीच्या वर्षाचे काम धुऊन जाते.

आता नियमांकडे वळू. 2001चे नियम बाजूला सारून केंद्राने मार्च 2023मध्ये नवे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू केले. त्यांत जबाबदारी स्थानिक संस्थेवर आहे, काम करणाऱ्या संस्थेला भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता लागते, देखरेखीला स्थानिक समिती असते आणि कुत्र्यांना खायला घालण्याच्या जागा ठरवायच्या असतात. कागदावरचा आराखडा पुरेसा आहे. उणीव आहे ती गावपातळीवरच्या नियमांत. पाळीव कुत्र्यांची नोंदणी आणि लसीकरण सक्तीचे करून नको झालेले कुत्रे रस्त्यावर सोडणाऱ्याला दंड व्हायला हवा. मटण आणि चिकनच्या दुकानांचा कचरा रोजच्या रोज उचलला जाईल, अशी अट परवान्यातच असायला हवी. कारण उकिरडा भरलेला असेल, तर नसबंदीचा ठेका कायमचा चालू ठेवावा लागेल. आणि निविदा एका वर्षाची न काढता तीन ते पाच वर्षांची काढावी.

यातले काहीच कुत्र्यावर प्रेम असणाऱ्याला किंवा नसणाऱ्याला आपली बाजू बदलायला लावत नाही. दोघांनाही पुढच्या सर्वसाधारण सभेत आपल्या नगरसेवकाला तेच विचारता येईल: गावात कुत्री किती, हे शेवटचे कधी मोजले, गेल्या वर्षी कोणत्या प्रभागात किती टक्के माद्यांची नसबंदी झाली, आणि चालू ठेका संपण्याआधी पुढचा तयार आहे का? ज्या नगरपरिषदेकडे ही तीन उत्तरे नाहीत, तिने नवे पिंजरे बांधण्याआधी ती मिळवावीत.