अग्निबाणालाही मुहूर्त लागतो!

लग्नाचा मुहूर्त गुरुजी काढतात. अग्निबाणाचा मुहूर्त मात्र वारा, ढग आणि वीज यांना विचारून ठरतो. लखनौच्या शुभांशू शुक्ला यांच्या घरच्यांनी जून २०२५ मध्ये हे अनुभवले. राकेश शर्मांनंतर ४१ वर्षांनी दुसरा भारतीय अंतराळात निघाला होता. १० जूनचे उड्डाण खराब हवामानामुळे एक दिवस पुढे गेले. मग अग्निबाणातून द्रवरूप प्राणवायू गळत असल्याचे आढळले. अखेर २५ जूनला फ्लोरिडाहून यान झेपावले आणि लखनौच्या सिटी माँटेसरी शाळेत बसून ते पाहणाऱ्या आईवडिलांचे डोळे भरून आले.

एवढ्या शक्तिशाली अग्निबाणाला वाऱ्याची काय भीती, असे आपल्याला वाटेल. पण 'फाल्कन ९' ७० मीटर उंच आणि जेमतेम पावणेचार मीटर जाड! उंचावर प्रत्येक थरातला वारा निराळ्या दिशेने ढकलतो. वेगात असलेल्या अशा सडपातळ अग्निबाणावर त्याचा विलक्षण ताण येतो.

विजेचा धोका त्याहून मोठा. अग्निबाणामागचा तप्त वायूंचा लांबलचक झोत वीजवाहक असतो, त्यामुळे एरवी न पडणारी वीजही तो ओढवून घेतो. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी 'अपोलो १२'वर पहिल्या मिनिटातच दोनदा वीज पडली. अंतराळवीर थोडक्यात बचावले. आता साधारण १८ किलोमीटरच्या आत वीज चमकली, तर निदान अर्धा तास उड्डाण होत नाही. थंडीही घातक ठरते. २८ जानेवारी १९८६ रोजी कडाक्याच्या थंडीत 'चॅलेंजर'च्या जोडांमधील रबरी कडी ताठरली आणि सात जणांचा बळी गेला.

यानात माणसे असली, तर मार्गाखालचा समुद्रही शांत हवा. संकटकाळी तिथेच उतरावे लागते. आपल्या मंगळयानाचे उड्डाण २८ ऑक्टोबर २०१३ वरून ५ नोव्हेंबरवर गेले ते श्रीहरिकोट्याच्या पावसामुळे नव्हे. यानाचा माग घेणारे जहाज दूर पॅसिफिक महासागरातील वादळी हवेत अडकले होते!

मग आभाळ निवळेपर्यंत थोडे थांबता येत नाही का? अंतराळ स्थानक वेगाने पृथ्वीभोवती फिरत असते. त्याला गाठण्याचा क्षण हुकला, की बहुधा तो दिवसच हुकतो.

१५ जुलै २०२५ रोजी शुक्ला कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात सुखरूप उतरले. उशीर झाला खरा, पण लखनौचा मुलगा घरी परतला, हे महत्त्वाचे!