एव्हरेस्टवर हरवलेल्या दोघांचा शोध



एव्हरेस्ट शिखर तेनसिंग आणि हिलरी यांनी २९ मे १९५३ रोजी सर केले, हे आपण पाठच केले आहे. पण त्याआधी २९ वर्षे दोन इंग्रज गिर्यारोहक शिखराच्या बरेच जवळ गेले होते. ते परत आलेच नाहीत. ते वर पोचले होते का?

त्यांची नावे जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू अर्विन. मॅलरी पूर्वी शिक्षक होते, वय ३७. अर्विन कॉलेजात शिकत होते, वय अवघे २२. ८ जून १९२४ रोजी ते तिबेटच्या बाजूने शेवटच्या तंबूतून निघाले. एव्हरेस्टवर हवा फार विरळ, म्हणून पाठीवर प्राणवायूची नळकांडी होती. दुपारी १२ वाजून ५० मिनिटांनी त्यांचे सोबती ओडेल यांना दूर धारेवर दोन ठिपके सरकताना दिसले. मग ढग आले, आणि सारे दिसेनासे झाले.

पहिला शोध ओडेल यांनीच घेतला. दोन दिवसांनी ते एकटे शेवटच्या तंबूपर्यंत चढले. तंबू रिकामा! तिथून हाक मारली तर खाली ऐकू कशी जाणार? म्हणून त्यांनी झोपायच्या दोन पिशव्या बर्फावर इंग्रजी टी अक्षरासारख्या मांडल्या. खुणेचा अर्थ असा, की काहीच माग लागला नाही.

१९३३ साली धारेजवळ बर्फ फोडायची एक कुऱ्हाड सापडली. ती बहुधा अर्विन यांची. पुढे १ मे १९९९ रोजी कॉनराड अँकर यांना आठ हजार मीटरहून उंचावर एक मृतदेह दिसला. कपड्यावर शिवलेल्या पट्टीवर नाव होते मॅलरी. पाय मोडलेला होता, कमरेला दोर होता, आणि बर्फात घालायचा काळा चष्मा खिशात होता. सप्टेंबर २०२४ मध्ये खालच्या हिमनदीत एक बूट मिळाला. आतल्या मोज्यावर अर्विन यांचे नाव शिवलेले होते. कपड्यावर नाव शिवायची साधी सवय, पण शंभर वर्षांनी तीच कामी आली बरं का!

आता या वस्तू काय सांगतात? कुऱ्हाड सांगते, निदान एकजण तिथवर गेला. मोडलेला पाय आणि दोर सांगतात, मॅलरी पडले, तेव्हा दोघे बहुधा एकाच दोराला बांधलेले होते. खिशातला चष्मा सांगतो, तेव्हा कदाचित अंधार पडला असेल. पण शिखर गाठले का, हे यांतली एकही वस्तू सांगत नाही. त्यांच्याजवळ एक छोटा कॅमेरा होता. त्यात शिखरावरचा फोटो असला तर उत्तर मिळेल, पण तो अजून सापडलेला नाही.

कुणी म्हणतात पोचले, कुणी म्हणतात नाही. जोवर पुरावा नाही, तोवर "माहीत नाही" हेच खरे उत्तर. असे म्हणण्यात कमीपणा कसला? म्हणून तर माणसे अजून शोधत आहेत.